एका शर्यतगाडीवरची हरकत

वर्तमानपत्र हातात आले की मी आधी जाहीर नोटिसांचे पान उघडतो. बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात राहणाऱ्याने ही सवय लावून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. इथे कोणती जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर सरकते आहे, हे शेजाऱ्याला विचारून कळत नाही. ते बारीक अक्षरांत, चौदा दिवसांची मुदत देऊन छापले जाते, आणि मुदत उलटली की तुमचे म्हणणे कायद्याने अस्तित्वातच उरत नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी हे पान वाचत होतो. एक नोटीस जमिनीची नव्हती.

तमाम लोकांस त्यात कळवले होते की, आमच्या अशिलाच्या मालकीची व कब्जातली, इंग्लंडमध्ये बनलेली, उघड्या चाकांची, एक आसनी, शर्यतीची जुनी मोटारगाडी, एक नग, हिच्यावर कोणाचाही विक्री, गहाण, दान, वारसा, पोटगी अथवा अन्य कोणत्याही प्रकारचा हक्क वा हितसंबंध असल्यास त्याने तो चौदा दिवसांत पुराव्यासह कळवावा. खाली गाडीच्या सांगाड्याचा क्रमांक होता. तो वाचताच मी चहाचा कप खाली ठेवला. तो क्रमांक मला माझ्या भविष्यनिर्वाह निधीच्या क्रमांकापेक्षा चांगला पाठ आहे.

कारण ती गाडी मरून पन्नास वर्षे झाली होती. निदान माझी तशी खात्री होती.

शर्यतीच्या गाडीला आरसी बुक नसते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ती रस्त्यावर चालत नाही, म्हणून आरटीओत तिची नोंद होत नाही. तिची मालकी म्हणजे सात-बारा नसलेली जमीन. जो कब्जात तो मालक, आणि ज्याच्याकडे फोटो त्याचा इतिहास. आमच्याकडे त्या काळी ज्या थोड्या परदेशी शर्यतगाड्या आल्या, त्यांच्याविषयी आज जे लिहिले जाते त्यातले अर्धे फोटोंवरून रचलेले असते. गाडीत बसून फोटो काढलेला प्रत्येक माणूस कालांतराने तिचा मालक होतो. त्याची मुले आणखी पुढे जातात. वडील ती चालवायचे, असे ती सांगतात.

मी मात्र त्या गाडीचा मिस्त्री होतो. ही गोष्ट फोटोवर अवलंबून नाही.

मी त्याच दिवशी फुलस्केप कागदावर हरकत लिहिली. अकरा मुद्दे झाले. मूळ गाडी शर्यती थांबल्यानंतर भंगारात कापली गेली असून सदर गाडी ही सुट्या भागांतून उभी केलेली बनावट गाडी आहे, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. माझा मालकीहक्क नाही, परंतु हितसंबंध आहे, असेही मी नमूद केले. तिच्या सांगाड्याची पुढची डावी नळी मी घडवली होती. रजिस्टर पोस्टाची पावती जपून ठेवली.

पाचव्या दिवशी फोन आला.

"काका, हरकत मिळाली," पलीकडचा आवाज म्हणाला. "माजा वकील बोलला, जमिनीवर पन एवडी लांब हरकत कोनी घेत नाय. अकरा मुद्दे."

"बारावा राहून गेला," मी म्हणालो. "नोटीस इंग्रजी पेपरात का दिली नाही?"

तो हसला. चिखलोलीकडच्या जुन्या शेतकरी घरातला हा माणूस आता बिल्डर आहे. नवीन स्टेशन होणार या वार्तेवर ज्यांनी इमारती उभ्या केल्या त्यांपैकी तो एक. गाडी त्याने दक्षिणेतल्या एका बंद गॅरेजमधून आणली होती. परदेशात अशा जुन्या शर्यतगाड्यांची एक नोंदवही ठेवतात. त्यात नाव लागायला गाडीचा इतिहास सलग आणि वादमुक्त असावा लागतो. बिल्डरला वादमुक्त करण्याची एकच रीत ठाऊक होती. त्याने वकिलाकडून शोध अहवाल करून घेतला आणि गाडीवर जाहीर नोटीस काढली.

"टायटल क्लिअर पायजे ना काका," तो म्हणाला. "तुमी या, बघा. बनावट असंल तर तोंडावर सांगा. त्याच्या आदी आमची बुकलेट वाचा, पाठवतो. सोमवारी छापायला जानार."

इतक्या सहज बोलावणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. ज्याला काही लपवायचे नसते तो आधी चिडतो, असा माझा अनुभव आहे.

पुस्तिकेचा कच्चा खर्डा आला. गुळगुळीत कागद, इंग्रजी मजकूर, शेजारी मराठी भाषांतर. मी लाल पेन घेऊन बसलो. पहिला मालक कलकत्त्याच्या इंग्रज कंपनीचा मॅनेजर, हे बरोबर होते. दुसरा मालक म्हणून एका छोट्या संस्थानाचे युवराज छापले होते. साफ खोटे. युवराज एका शर्यतीचे पाहुणे होते, गाडीत बसून त्यांनी फोटो काढला, आणि उतरताना त्यांचा पायजमा गिअरच्या दांड्यात अडकला. तो सोडवायला मीच वाकलो होतो. फोटोच्या कडेला जी पाठ दिसते ती माझी आहे. खरा दुसरा मालक मुंबईच्या एका गिरणीमालकाचा मुलगा. त्याने ती मद्रासकडच्या शर्यतीत तेलाच्या पिंपांवर घातली, आणि मोडलेली गाडी आमच्या कारखान्याच्या शेठने घेतली. पुस्तिकेत शेठला 'उल्हासनगरचे उद्योगपती' म्हटले होते. शेठ पंख्यांची पाती बनवीत. दुरुस्तीचे काम 'दक्षिणेतील तज्ज्ञांनी' केल्याचे छापले होते. तिथे माझे पेन कागदातून आरपार गेले.

सबंध पुस्तिकेत एकाच वाक्यापुढे मी बरोबरची खूण केली. शेवटच्या शर्यतीत, आघाडीवर असताना, चालकाने धीर सोडून अखेरच्या वळणाआधी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि गाडी दुसरी आली, असे ते वाक्य होते. खाली लिहिले होते: मेकॅनिकच्या म्हणण्यानुसार. तो मेकॅनिक मी. शर्यतीनंतर एका इंग्रजी पत्रकाराने विचारले होते आणि मी सांगितले होते. इतके लोक इतके काही बरळले, पण माझे वाक्य पन्नास वर्षे जसेच्या तसे टिकले, याचे मला त्या क्षणी समाधान वाटले. ते मी इथे नोंदवून ठेवतो.

आता त्या दुरुस्तीविषयी सांगतो, कारण त्याविना पुढचे समजणार नाही.

शेठचा कारखाना अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत होता. मी टूलरूममध्ये फिटर होतो, पंचविशीही गाठली नव्हती, आणि माझ्याइतका हात कोणाचा नाही असे मला वाटत असे. तसे ते खरेही होते. टेंपोतून गाडी उतरली तेव्हा ती गाडी वाटत नव्हती. उघडी चार चाके, मागे इंजिन, आणि मध्ये बारीक नळ्यांचा पिंजरा, ज्यात माणूस जवळजवळ आडवा होऊन बसे. पुढची खालची डावी नळी चेपून निकामी झाली होती. ही नळी चालकाच्या डाव्या नडगीला लागून जाते आणि पुढे तिला एक बाक आहे.

पातळ नळी नुसती वाकवली तर आतून चपटी होते. म्हणून तिच्यात वाळू ठासून भरतात, दोन्ही टोकांना लाकडी गुट्टे मारतात, आणि मग लाल करून वाकवतात. वाळू ओली राहिली तर वाफेने गुट्टा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो, म्हणून उल्हास नदीची वाळू मी घमेल्यात भाजून घेतली, चाळली, भरली. बाक असा आला की शेठ बोट फिरवून म्हणाले, "साईं, ये तो विलायत से बेहतर है." मग गुट्टे काढून वाळू ओतली, लाकडी हातोडीने नळी ठोकली, हवा मारली. त्यानंतर लांब गजाला तारेचा ब्रश बांधून तो नळीतून फिरवायचा असतो, कारण तापवताना थोडी वाळू आतल्या अंगाला भाजून चिकटते.

तो दिवस खंडेनवमीचा होता. आमच्या कारखान्यात त्या दिवशी सगळी हत्यारे धुऊन पुसून पूजेला मांडत. एकदा हळदकुंकू लागले की दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला कोणी हात लावायचा नाही, हा नियम होता आणि तो मालकालाही लागू होता. मी गॅसची बत्ती तेवढी शेवटपर्यंत हातात ठेवली होती. गज घ्यायला गेलो तर तो चौरंगासमोर सर्वांत पुढे आडवा ठेवलेला, कुंकवाची पाच बोटे लागलेला. दसऱ्याला नळी सांगाड्याला जोडलेली दिसली पाहिजे, असे शेठने बजावले होते. मी नळीला डोळा लावून पाहिले. बाकापलीकडचे दिसत नव्हते. मी आणखी दोनदा ठोकली, काही पडले नाही, आणि दोन्ही टोके पितळेने सांगाड्याला झाळून बंद केली. मग बत्तीही पूजेला ठेवली.

हे मी कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे असेही वाटले नाही.

गाडी चालवायला शेठने ज्यांना घेतले ते एका रसायनांच्या कारखान्यातले तरुण अधिकारी होते. आम्ही त्यांना साहेब म्हणत असू. रविवारी टेंपोत गाडी घालून आम्ही नेवाळीच्या युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीवर जायचो. तिथे गुरे हाकलून गाडी पळवायची. पहिल्याच रविवारी साहेब फेरी मारून आले, गाडीतून न उतरताच म्हणाले, "मिस्त्री, ब्रेक दाबला की माझ्या डाव्या नडगीजवळ काहीतरी सरकतं. सरकतं आणि पुढे जाऊन आपटतं."

मी प्रत्येक बोल्ट तपासला. काही सापडले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. नंतर कारखान्यात, सात-आठ माणसांसमोर, त्यांनी तिसऱ्यांदा विचारले.

"साहेब," मी म्हणालो, "गाडीत काही सरकत नाही. तुमचा गुडघा हलतो, तो नळीला लागतो."

माणसे हसली. शेठ सर्वांत जास्त हसले. त्या दिवसापासून वसाहतीत कोणी ब्रेक लवकर मारला की त्याला 'साहेबांचा गुडघा' म्हणू लागले. साहेब कमी बोलू लागले. शेवटच्या शर्यतीत, शर्यतीच्या धावपट्टीच्या टोकाला वळणाची खूण म्हणून ठेवलेल्या पिंपांपाशी, दोन गाड्यांइतकी आघाडी असताना त्यांनी नेहमीपेक्षा पुष्कळ आधी पाय उचलला. आतून दुसरी गाडी निघून गेली. त्यांनी हेल्मेट काढले, माझ्याकडे दिले आणि पुन्हा कधी शर्यतीत उतरले नाहीत. पुढे शेठने कारखाना आवरला तेव्हा मी गाडीचे विचारले. "कटवा दी," ते म्हणाले. भंगाराची पावती मी पाहिली नव्हती. इतरांच्या ऐकीव गोष्टींवर अकरा मुद्दे काढणारा मी, ही ऐकीव गोष्ट मात्र पन्नास वर्षे पुराव्यासारखी बाळगून होतो.

शनिवारी सकाळी मी मांजर्लीतल्या घरून रिक्षाने चिखलोलीला गेलो. बिल्डरच्या बंगल्यामागे पत्र्याची उंच शेड होती. गाडी मध्ये उभी होती, लाल रंग दिलेली. आमच्या वेळी ती हिरवी होती. मी खिशातून भिंग काढले.

"काका डॉक्टरसारखे आलेत," बिल्डर त्याच्या माणसांना म्हणाला.

क्रमांकाची पट्टी जुनी वाटत होती, पण तिचे चारही रिवेट नवे होते. मी ते दाखवले.

"जुने सडले काका. नवे मारले. पट्टी तीच."

"घराचा दरवाजा तोच आणि बिजागऱ्या नव्या, म्हणजे चोर आला नव्हता असं होत नाही."

"चोर आला असता तर पट्टी घेऊन गेला असता, रिवेट कशाला बदलंल?"

मी भिंग पुढे सरकवले. स्टिअरिंगचे चाक दुसऱ्याच गाडीचे होते. मागची एक नळी नव्याने घातलेली होती. ती झाळलेली नव्हती, सरळ वेल्डिंग केलेले होते आणि तेही बेताचे. मी वहीत लिहून घेत होतो. माझा संशय दर मिनिटाला पक्का होत होता, आणि खरे सांगायचे तर मला बरे वाटत होते. पुढच्या डाव्या नळीपाशी वाकलो. बाक ओळखीचा वाटला. पण बाकासारखा बाक कोणीही काढू शकतो; पितळेच्या झाळणीवर रंगाचे चार थर होते. त्यावरून काही सिद्ध होत नव्हते.

"काका, जरा मागे व्हा," बिल्डर म्हणाला. "स्टँडवर चढवून बघायचीय. प्रदर्शनात नाक वर करून ठेवनार, विमानासारखी."

दोन माणसांनी पुढून उचलले. आमच्या वेळी गाडीचे नाक कधी एवढे वर गेले नव्हते. जॅकवर वीतभर चढायची, तेवढेच. आता ते छातीपर्यंत गेले. आणि त्या उंचीवर, पुढच्या डाव्या नळीतून, सूप झटकल्यासारखा आवाज खालच्या दिशेने सरकत गेला, आणि टोकाला जाऊन थबकला.

मी म्हणालो, "खाली घ्या."

त्यांनी खाली घेतले. वाळू परत पुढे आली.

"पुन्हा उचला."

"काय झालं काका?" बिल्डरने विचारले. "आतमदी कायतरी हाय वाटतं. गंज असंल. फोडून साफ करू?"

"हात लावू नका," मी म्हणालो. माझा आवाज नको तितका चढला असावा, कारण माणसे थांबली. मी पाणी मागितले. पाणी पिताना पहिला विचार आला तो हाच की यांनी मला फसवण्यासाठी नळीत वाळू भरली आहे. मी तो विचार बराच वेळ धरून ठेवला. पण वाळू भरायची तर ती नळीत राहून गेल्याची गोष्ट आधी ठाऊक असायला हवी, आणि ती ठाऊक असू शकणारा जगात मी एकटाच होतो; आणि मलाही ती त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हती.

गाडी खरी होती. माझी हरकत खोटी होती. आणि ज्या एका वाक्यापुढे मी बरोबरची खूण केली होती ते, बहुधा, त्या पुस्तिकेतले सर्वांत वाईट वाक्य होते.

बिल्डरला मी इतकेच म्हणालो की विचार करून सोमवारच्या आत कळवतो. तो माझ्याकडे निरखून पाहत होता. आता त्याला माझा संशय आला होता, आणि तो रास्त होता.

घरी आल्यावर गप्प राहण्याची सगळी कारणे मी स्वतःपुढे मांडली. साहेब ऐंशीच्या पुढे गेले आहेत. पुस्तिका परदेशी लोक वाचणार. हरकत निमूट मागे घेतली तर कोणाचेच बिघडत नाही. शिवाय 'दक्षिणेतील तज्ज्ञां'च्या जागी नळी मी घडवली हे छापून यावे, असे मला वाटत होते. ती नळी आणि तिच्यातली वाळू वेगळी काढून छापता येत नव्हती. पण सोमवारी ते वाक्य छापले गेले की ते माझ्या नावाने कायमचे राहणार होते, आणि हरकतीची मुदत माझ्यासाठीही होती.

साहेब अंबरनाथ पूर्वेला राहतात, हे मला माहीत होते. बाजारात दोन-तीनदा समोरासमोर आलो होतो आणि दोघांनीही भाजीकडे पाहिले होते. रविवारी सकाळी मी त्यांची बेल वाजवली. दार साखळीपुरते उघडले.

"कोण?"

"मिस्त्री."

"कोणते मिस्त्री?" त्यांनी मला ओळखले होते. ते मला म्हणायला लावत होते.

"गुडघ्याचा," मी म्हणालो.

साखळी निघाली. ते काठी घेऊन चालत होते. त्यांनी बसा म्हटले नाही, पण खुर्चीवरचे वर्तमानपत्र उचलले. मी खुर्चीच्या कडेवर बसून, खंडेनवमीपासून शनिवारपर्यंत, सगळे क्रमाने सांगितले. 

"आणि हे तुम्हाला आज सांगावंसं वाटलं," शेवटी ते म्हणाले. "कशासाठी? डॉक्टरांनी काही सांगितलंय का?"

"माझी तब्येत उत्तम आहे."

"मग कोणी पाठवलं? त्या बिल्डरनं माझ्याकडेही माणूस पाठवला होता. सही हवी होती. मी हाकलला."

"मला कोणी पाठवत नाही, साहेब. हे तुम्हाला माहीत आहे."

"हो. तुम्हाला कोणी पाठवत नाही आणि कोणी थांबवतही नाही." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "वाळू होती म्हणता."

"होती. आहे."

"मी घरी येऊन पलंगावर पडायचो आणि डावा पाय हातानं धरून बघायचो, हलतो का ते. लग्न झाल्यावरसुद्धा. बायकोला वाटायचं संधिवात आहे." त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "पण एक ऐकून घ्या, म्हणजे पुन्हा नवीन गोष्ट रचून सांगत फिरायला नको. मी घाबरलो होतो हे खरं आहे. त्या वळणाआधी ब्रेक चाचपताना ते पुढे जाऊन आपटलं आणि मला वाटलं, सांगाडा सुटला. मी पाय उचलला. भीतीनंच उचलला. तुम्ही खोटं बोलला नाहीत. कशाची भीती, एवढं तुम्ही गाळलंत."

"मला तेव्हा माहीत नव्हतं."

"तुम्हाला नव्हतं," ते म्हणाले, आणि हे त्यांनी मान्य केले की टोला मारला, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुपारी आम्ही दोघे रिक्षाने चिखलोलीला गेलो. बिल्डरने आम्हाला एकत्र पाहिले आणि वकिलाला फोन लावला. त्याला वाटले आता दोन हरकती झाल्या. मी सगळे सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला, आणि तेही मला आवडले नाही.

"म्हंजे काका, गाडी ओरिजिनल. तुमच्या वाळूनं टायटल क्लिअर केलं."

"तेवढंच होणार नाही," मी म्हणालो. "धीर सोडल्याचं वाक्य काढायचं. त्या जागी नळी, वाळू आणि माझी चूक छापायची. नाहीतर हरकत कायम."

"तुमचीच चूक छापू? अहो, तुमी स्वतःचं नाव खराब करता. दक्षिनेतले तज्ज्ञ काढून तुमाला टाकतो ना, मस्त, फोटोसकट."

"तज्ज्ञ काढा. मला टाका. चूकही टाका."

"हे इंग्लिशमदी कसं लिवायचं?" तो लॅपटॉप उघडून म्हणाला.

"मी सांगतो," साहेब म्हणाले. त्यांचे इंग्रजी पहिल्यापासून चांगले. ते सावकाश सांगत गेले, बिल्डर टाइप करत गेला. मला इंग्रजी वाचता येते, परंतु कारखान्यातल्या कागदांपुरते. माणूस सभ्यपणे बोलू लागला की त्याचे इंग्रजी माझ्या हाती लागत नाही. म्हणून प्रत्येक ओळीचा अर्थ मी बिल्डरकडून मराठीत करून घेतला. साहेबांचा भरवसा नव्हता म्हणून नव्हे. ते माझ्या बाजूने काहीतरी घालतील, असा मला संशय होता.

आणि त्यांनी घातलेच होते. बिल्डर वाचत होता: सांगाड्यातली वाळू बाहेरून दिसत नसल्यामुळे मेकॅनिकला ही गोष्ट कळणे शक्य नव्हते.

"ही ओळ खोडा," मी म्हणालो.

"मिस्त्री, साक्ष माझी आहे," साहेब म्हणाले.

"साक्ष तुमची असेल. चूक माझी आहे. मला कळणं शक्य होतं. तुम्ही सांगितलं होतं."

"बरं. मग लिहा, चालकाने तीन वेळा सांगितले होते."

"चार."

"तीन. नेवाळीला दोनदा, कारखान्यात एकदा. मला पाठ आहे."

"चार, साहेब. शर्यतीच्या सकाळी, मी चाकांचे नट आवळत होतो तेव्हा. तुम्ही वाकून म्हणालात, 'मिस्त्री, एकदा शेवटचं बघाल का?' मी मान वर केली नाही."

 साहेबांनी बोटांवर मोजले.

"चार," ते म्हणाले.

बिल्डरने तीनचे चार केले, आणि मी हरकत मागे घेतल्याच्या कागदावर सही केली.